थंडावलेला तपास आणि वंशावळीचा धागा

खुनाच्या गुन्ह्याला कायद्याने मुदत घातलेली नाही. किरकोळ गुन्ह्यांची दखल ठरावीक काळानंतर न्यायालयाला घेता येत नाही. खुनाची मात्र वीस, तीस किंवा चाळीस वर्षांनंतरही घेता येते. प्रत्यक्षात अडचण कायद्याची नसते, पुराव्याची असते. साक्षीदार वृद्ध होतात, स्मृती पुसट होते, तपास अधिकारी निवृत्त होतात आणि कागदपत्रांचे गठ्ठे धूळ खात पडतात. गुन्हा खरा, परंतु आरोपी अज्ञात, असा निष्कर्ष नोंदवून पोलीस ज्याला ‘अ समरी’ म्हणतात तो अहवाल न्यायालयात सादर होतो. मृताच्या आप्तांच्या दृष्टीने मात्र ते प्रकरण कधीच मिटत नाही.

२०१८ पासून अशा थंडावलेल्या तपासांना एका नव्या साधनाने गती दिली आहे. डीएनए चाचणी आणि वंशावळीचा अभ्यास यांच्या संयोगातून निर्माण झालेल्या या साधनास ‘तपासात्मक जनुकीय वंशावळशास्त्र’ असे म्हणता येईल. त्याची कार्यपद्धती, लाभ, धोके आणि भारतीय संदर्भ यांचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

डीएनए ठशांचा उदय

ब्रिटनमधील लेस्टर विद्यापीठातील शास्त्रज्ञ ॲलेक जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये डीएनए ठशांचे तंत्र शोधून काढले. लेस्टरशायर परगण्यात १९८३ आणि १९८६ मध्ये दोन शाळकरी मुलींची हत्या झाली होती. दुसऱ्या हत्येबद्दल १७ वर्षांच्या एका तरुणाने कबुलीही दिली होती. तथापि जेफ्रीज यांच्या चाचणीत दोन्ही गुन्हे एकाच पुरुषाचे असून तो पुरुष हा तरुण नव्हे, असे निष्पन्न झाले. त्यानंतर परिसरातील सुमारे ५,००० पुरुषांचे नमुने घेण्यात आले. कॉलिन पिचफोर्क याने आपल्याऐवजी सहकाऱ्यास नमुना देण्यास पाठविले होते; हे उघड झाल्यावर त्यास अटक झाली आणि १९८८ मध्ये जन्मठेप सुनावण्यात आली. या तंत्राने पहिल्याच मोठ्या प्रकरणात प्रथम एका निरपराध व्यक्तीची सुटका केली आणि नंतर अपराध्यास पकडले, ही बाब विद्यार्थ्यांनी विशेषत्वाने ध्यानात ठेवावी.

पुढे ब्रिटनने १९९५ मध्ये राष्ट्रीय डीएनए माहितीसंच उभारला, तर अमेरिकेचा राष्ट्रीय संच १९९८ मध्ये कार्यान्वित झाला. या संचांत प्रामुख्याने गुन्हेगारांची व अटक झालेल्यांची नोंद असते. अमेरिकेत सुरुवातीस गुणसूत्रांवरील १३ आणि २०१७ पासून २० ठिकाणे तपासली जातात. या ठिकाणी डीएनएचा एक लहान तुकडा पुनःपुन्हा येतो आणि त्या आवर्तनांची संख्या व्यक्तिपरत्वे बदलते. घटनास्थळावरील नमुना संचातील नोंदीशी जुळला तर गुन्हेगार सापडतो. संचात त्याची नोंदच नसेल तर सर्व यंत्रणा निरुपयोगी ठरते.

कॅलिफोर्नियातील प्रकरण

ही मर्यादा कॅलिफोर्नियातील ‘गोल्डन स्टेट किलर’ प्रकरणात ठळकपणे दिसून आली. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून १९८६ पर्यंत तेथे १३ खून आणि सुमारे ५० बलात्कार झाले. राज्याच्या उत्तर भागातील बलात्कार आणि दक्षिण भागातील खून एकाच व्यक्तीने केल्याचे २००१ मध्ये डीएनएवरून सिद्ध झाले. २००४ मध्ये जनमत कौल घेऊन राज्याच्या माहितीसंचाची व्याप्ती वाढविण्यात आली. तरीही गुन्हेगाराचे नाव मिळेना, कारण त्याचा नमुना कोणत्याही संचात नव्हता.

अखेर तपासकर्त्यांनी वेगळा मार्ग स्वीकारला. जतन केलेल्या जुन्या नमुन्याचे सविस्तर जनुकीय विश्लेषण करून ते ‘जेडमॅच’ या वंशावळप्रेमींच्या संचात टाकण्यात आले. गुन्हेगार तेथे नव्हता, परंतु त्याचे दूरचे नातेवाईक होते. वंशावळतज्ज्ञ बार्बरा रे-व्हेंटर आणि तपास अधिकारी पॉल होल्स यांच्या चमूने त्यांच्या पूर्वजांपर्यंत जाऊन पुन्हा खाली वंशवृक्ष मांडले. एप्रिल २०१८ मध्ये ७२ वर्षांच्या जोसेफ जेम्स डीअँजेलो यास अटक झाली. तो एकेकाळी पोलीस दलातच नोकरीस होता. अटकेपूर्वी त्याच्या मोटारीच्या दारावरून व कचऱ्यातून नमुने मिळवून थेट जुळणी करण्यात आली. २०२० मध्ये त्याने गुन्हे कबूल केले आणि त्यास पॅरोलविना जन्मठेपेची शिक्षा झाली.

नात्यांचे गणित

या पद्धतीचा पाया आनुवंशिकतेच्या साध्या नियमात आहे. प्रत्येक व्यक्तीस निम्मा डीएनए मातेकडून आणि निम्मा पित्याकडून मिळतो. त्यामुळे सख्ख्या भावंडांत सरासरी ५० टक्के डीएनए समान असतो. ज्यांचे आजी-आजोबा एक, अशा चुलत, आते, मामे व मावस भावंडांत हे प्रमाण सरासरी १२.५ टक्के असते. ज्यांचे पणजी-पणजोबा एक, त्यांच्यात ते ३ टक्क्यांच्या आसपास येते, तर ज्यांचे खापरपणजी-खापरपणजोबा एक, त्यांच्यात ते एक टक्क्याहूनही कमी उरते. प्रत्येक पायरीवर प्रमाण चौथ्या हिश्श्यावर येते.

पोलिसांच्या संचातील २० ठिकाणांवरून इतके दूरचे नाते ओळखता येत नाही. त्यासाठी डीएनएवरील लाखो ठिकाणची एकाक्षरी भिन्नता तपासली जाते आणि दोन व्यक्तींत सलग समान असलेल्या तुकड्यांची लांबी मोजली जाते. त्या लांबीवरून नाते किती जवळचे याचा अंदाज बांधता येतो.

यापुढील काम प्रयोगशाळेचे नसून अभिलेखागाराचे आहे. जनगणनेच्या जुन्या याद्या, जन्म-विवाहाच्या नोंदी आणि वृत्तपत्रांतील निधनवार्ता यांच्या साहाय्याने समान पूर्वज शोधला जातो. मग त्याच्या सर्व वंशजांची यादी करून लिंग, वय आणि गुन्ह्याच्या वेळचे वास्तव्य या कसोट्यांवर ती लहान केली जाते. उरलेल्या व्यक्तीचा नवा नमुना मिळवून नेहमीच्या पद्धतीने घटनास्थळावरील नमुन्याशी पडताळला जातो. म्हणजेच वंशावळ केवळ दिशा दाखविते; पुरावा ठरते ती अखेरची थेट जुळणी.

स्वीडनमधील लिंकोपिंग येथे २००४ मध्ये एक बालक आणि एक महिला यांची भररस्त्यात हत्या झाली होती. हजारो लोकांची चौकशी होऊनही सोळा वर्षे उकल झाली नाही. २०२० मध्ये याच पद्धतीने आरोपी सापडला. युरोपात या पद्धतीने उकललेले हे पहिले खून प्रकरण मानले जाते.

निरपराधांची सुटका

अमेरिकेतील आयडाहो फॉल्स येथे १९९६ मध्ये एका तरुणीचा खून झाला. घटनास्थळावरील डीएनए जुळत नसतानाही, दीर्घ चौकशीत मिळविलेल्या कबुलीच्या आधारे एका युवकास १९९८ मध्ये दोषी ठरविण्यात आले. सुमारे वीस वर्षे कारागृहात काढल्यानंतर २०१७ मध्ये तो बाहेर आला, परंतु खुनाचा कलंक कायम होता. २०१९ मध्ये जनुकीय वंशावळीद्वारे खरा गुन्हेगार सापडला आणि त्याच वर्षी न्यायालयाने या व्यक्तीस निर्दोष घोषित केले. त्याच प्रकरणात काही वर्षांपूर्वी वंशावळीच्या अपुऱ्या धाग्यावरून दुसऱ्याच एका निरपराध व्यक्तीवर संशय घेण्यात आला होता, हेही नमूद केले पाहिजे. एकाच प्रकरणाने या साधनाचे सामर्थ्य आणि त्याचा धोका असे दोन्ही धडे दिले.

अर्थशास्त्रीय दृष्टिकोन

नोबेल पारितोषिक विजेते अर्थतज्ज्ञ गॅरी बेकर यांनी १९६८ मध्ये गुन्हेगारीचे आर्थिक विश्लेषण मांडले. गुन्हा करणारी व्यक्ती शिक्षेच्या तीव्रतेबरोबरच ती होण्याच्या शक्यतेचाही विचार करते, हे त्याचे सूत्र होय. शिक्षा कितीही कठोर असली तरी सापडण्याची शक्यता नगण्य असेल तर तिचा धाक राहत नाही. कालांतरानेही गुन्हेगार सापडू शकतो ही जाणीव निर्माण झाल्यास शिक्षेची अपेक्षित किंमत वाढते. एका जुन्या खुनाच्या उकलीचा लाभ अशा रीतीने भविष्यकाळातही पोहोचतो.

दुसरी संकल्पना बाह्य परिणामांची आहे. एखादी व्यक्ती हौसेखातर आपला डीएनए संचात टाकते, तेव्हा ती नकळत आपल्या शेकडो नातेवाइकांचीही माहिती उघड करते. निर्णय एकाचा, परिणाम अनेकांवर, आणि त्यांची संमती मात्र कोणीही घेतलेली नसते. २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १२.८ लाख व्यक्तींच्या संचाचे विश्लेषण करण्यात आले. युरोपीय वंशाच्या सुमारे ६० टक्के व्यक्तींचे खापरपणजोबा एक असलेल्या पातळीचे किंवा त्याहून जवळचे नातेवाईक त्यात आढळू शकतात, असा त्याचा निष्कर्ष होता. लोकसंख्येच्या अवघ्या २ टक्के लोकांचा संच जवळजवळ प्रत्येकापर्यंत पोहोचण्यास पुरेसा ठरेल, असाही अंदाज त्यात व्यक्त झाला. अशा स्थितीत वैयक्तिक संमती ही पुरेशी ढाल ठरत नाही. सामूहिक नियमनाची गरज भासते.

म्हणूनच ‘जेडमॅच’ने मे २०१९ मध्ये पोलिसांच्या शोधासाठी सदस्यांची स्पष्ट परवानगी आवश्यक केली. अमेरिकेच्या न्याय विभागाने त्याच वर्षी अंतरिम धोरण जाहीर करून हे साधन खून व लैंगिक अत्याचार यांसारख्या हिंसक गुन्ह्यांपुरते, आणि अन्य मार्ग खुंटल्यावरच वापरण्याचे बंधन घातले. मेरीलँड राज्याने २०२१ मध्ये न्यायालयीन देखरेखीची तरतूद असलेला कायदा केला.

भारतातील स्थिती

भारतात डीएनए ठशांचे तंत्र हैदराबाद येथील पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रात डॉ. लालजी सिंह यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात विकसित केले. राजीव गांधी हत्या प्रकरण आणि दिल्लीतील तंदूर प्रकरण यांच्या तपासात या तंत्राचे साहाय्य झाले.

वंशावळीची पद्धती मात्र भारतात जशीच्या तशी लागू करता येणार नाही. खाजगी वंशावळ संचांत भारतीयांचे प्रमाण अल्प आहे. जन्म-मृत्यूची देशभर एकसमान नोंदणी करणारा कायदाच १९६९ चा आहे. नाशिक, त्र्यंबकेश्वर किंवा हरिद्वार येथील तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यांत पिढ्यान्‌पिढ्यांच्या वंशावळी आढळतात, परंतु त्या बहुतांशी पुरुषवंशाच्या आहेत. याखेरीज जातीअंतर्गत विवाह आणि काही प्रदेशांतील मामाच्या मुलीशी विवाहाची रूढी यांमुळे समान डीएनएचे प्रमाण अपेक्षेपेक्षा अधिक भरते. परिणामी दूरचे नाते जवळचे भासून तपासाची दिशा चुकण्याचा संभव असतो.

कायदेशीर चौकट

संविधानाच्या अनुच्छेद २० (३) नुसार आरोपीस स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड (१९६१) या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने बोटांचे ठसे वगैरे देणे म्हणजे साक्ष देणे नव्हे, असे स्पष्ट केले. सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य (२०१०) या निर्णयाने मात्र नार्को चाचणीची सक्ती अवैध ठरविली. पुट्टस्वामी निर्णयाने (२०१७) खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्यावरील निर्बंध कायद्याने घातलेला, वैध उद्दिष्टासाठीचा आणि प्रमाणबद्ध असला पाहिजे.

फौजदारी प्रक्रिया (ओळख) अधिनियम, २०२२ ने १९२० च्या कायद्याची जागा घेतली. त्यानुसार जैविक नमुने व त्यांचे विश्लेषण घेता येते आणि नोंदी ७५ वर्षे जतन करता येतात. डीएनए तंत्रज्ञान नियमन विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडण्यात आले होते. ते २०२३ मध्ये मागे घेण्यात आले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ (३) नुसार सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळास भेट देणे बंधनकारक आहे. ही तरतूद अमलात आणण्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. प्रयोगशाळांच्या विस्तारासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये २,२५४.४३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली.

तंत्र अचूक असले तरी हाताळणी सदोष असू शकते. जर्मनीत २००९ पूर्वी सुमारे ४० गुन्ह्यांच्या ठिकाणी एकाच महिलेचा डीएनए आढळत होता. अखेर ती नमुना घेण्याच्या कापसाच्या काड्या वेष्टित करणारी कामगार निघाली. एका अस्तित्वात नसलेल्या गुन्हेगाराचा शोध त्या वेळेपर्यंत चालू होता.

समारोप

भारतासाठी यातून निघणारा पहिला धडा वंशावळीचा नसून मुद्देमालाचा आहे. कॅलिफोर्नियातील खुनी सापडला, कारण कोणीतरी १९८० मधील नमुना ३८ वर्षे नीट सांभाळून ठेवला होता. ओलसर खोलीत कुजलेल्या कपड्यावरून कोणतेही प्रगत तंत्र निष्कर्ष काढू शकत नाही. तेव्हा शीतसाखळीयुक्त साठवण, नमुन्याच्या प्रत्येक हस्तांतरणाची नोंद, प्रशिक्षित मनुष्यबळ आणि स्वतंत्र देखरेख असलेला स्पष्ट कायदा या गोष्टींना अग्रक्रम द्यावा लागेल. आज जतन केलेला नमुना उद्याच्या अज्ञात तंत्रासाठीची गुंतवणूक होय. तिचा परतावा मृताच्या आप्तांना मिळणाऱ्या उत्तरात जितका आहे, तितकाच निरपराध व्यक्तीच्या सुटकेतही आहे.