ढिश्क्यांव! आई, तू मेलीस!

घरात बंदूक आणायची नाही, असं आपण कितीही ठरवलं तरी ती येतेच. चावता चावता पोळीची होते. कंगव्याची होते, छत्रीच्या दांड्याची होते, अगदीच काही नसलं तर दोन बोटं पुरतात. आपण कणीक मळत असतो आणि मागून आवाज येतो, "ढिश्क्यांव! आई, तू मेलीस. पड ना!"

तेव्हा पोटात बारीकसा गोळा येतो, हो ना? हा असाच राहिला तर? मोठेपणी मारकुटा झाला तर? अमेरिकेतल्या शाळांमधल्या गोळीबाराच्या बातम्या आपण पाहिलेल्या असतात, आणि ती सगळी धास्ती त्या कुरतडलेल्या पोळीवर निघते. "असलं घाणेरडं खेळायचं नाही!" बाबा पेपरातून डोकं वर काढून म्हणतात, "खेळू दे गं, आम्ही काय टिकल्या कमी उडवल्यात?" आणि रविवारी आजोबा जत्रेतून नवी कोरी बंदूक घेऊन येतात. तिघांचे तीन नियम. मूल बिचारं ज्याचा नियम सोयीचा, त्याच्यामागे जातं.

म्हणून मला वाटतं, मुलाशी बोलण्याआधी मोठ्यांनी आपसांत बोलून घ्यावं. मूल झोपल्यावर, दहा मिनिटं. आजोबांनाही त्यात घ्यावं. त्यांनी प्रेमाने आणलेली वस्तू नातवासमोर हिसकावली गेली, तर दोघंही दुखावतात.

सरसकट बंदी घालून पाहावी का? लंडनच्या एका बालवाडीत काम केलेल्या पेनी हॉलंड यांनी २००३ मध्ये यावर पुस्तकच लिहिलं. त्यांच्याकडेही आधी बंदूक-बंदूक खेळायला सक्त मनाई होती. मुलं खेळायची थांबली नव्हती, फक्त लपवायला शिकली होती. मोठ्यांनी हटकणं सोडलं आणि खेळात थोडा रस घेतला, तेव्हा मारामाऱ्या काही वाढल्या नाहीत, उलट खेळात गोष्टी यायला लागल्या. यातलं लपवणं माझ्या मनाला फार लागतं. पाच वर्षांच्या मुलाला आपल्यापासून लपवायची सवय लागावी, एवढी काही ती पोळी वाईट नसते.

आणि त्याच्या बाजूने बघा ना. दिवसभर तो ऐकतच असतो: ऊठ, दात घास, डबा संपव, बूट घाल, रिक्षावाले काका थांबलेत, लवकर. आपणही दमलेले असतो, घड्याळाकडे बघत बोलतो, दुसरं काय करणार? पण त्या दोन बोटांनी एवढी मोठी आई धाडकन पडते, याचं त्याला केवढं अप्रूप! कधीतरी पडावं खुशाल. पडल्या पडल्या विचारावं, "आता मला वाचवायला कोण येणार?" बंदूक टाकून मूल डॉक्टर होऊन धावत येतं.

कधी कधी त्या खेळाखाली भीती असते. २२ एप्रिल २०२५ ला काश्मीरमधल्या पहलगाममध्ये अतिरेक्यांनी २६ माणसं मारली. त्यांतली सहा आपल्या महाराष्ट्रातली होती. डोंबिवलीची, पनवेलची, पुण्याची. घराघरांत टीव्ही सुरू होता. मुलं चित्रं काढत बसलीत, त्यांचं लक्ष नाही, असं आपण समजत होतो. मग ७ मे रोजी देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला, ठिकठिकाणी भोंगे वाजले. सुट्टीचे दिवस होते. आवारात मुलांचा जवान-अतिरेकी खेळ सुरू झाला, त्यात वरून ड्रोनही यायला लागले. त्या वेळी खेळ बंद करण्यापेक्षा बातम्या बंद करणं जास्त गरजेचं होतं. जे समजत नाही, ज्याने झोप उडते, ते मुलं खेळून खेळून पचवतात. रात्री कुशीत घेऊन एवढंच विचारावं, "तुला कशाची भीती वाटते का रे?"

खेळाकडे मात्र लक्ष हवं. बंदूक कसली आहे यापेक्षा दर वेळी मरतं कोण, हे बघा. हसत मरतं की रडकुंडीला येऊन? अतिरेकी कोणाला करतात? दर वेळी त्याच एका मुलाला करत असतील, आणि कारण त्याचं नाव असेल, तर हातातलं काम टाकून लगेच खाली जावं. तिथे "मुलंच ती" म्हणून चालणार नाही.

मोबाइलवरच्या गोळीबाराचं मला वेगळं वाटतं. पबजीवर २०२० मध्ये बंदी आली, फ्री फायरवर २०२२ मध्ये. खेळ दुसऱ्या नावाने परत येतात आणि मुलांना ते आपल्याआधी कळतं. आवारात मेलेला मुलगा उठून भांडतो, "मला गोळी लागलीच नाही!" मग वाद, समेट, नवा नियम. समोरच्याचं तोंड दिसत असतं. पडद्यावर यातलं काही नाही, पुढचा डाव लगेच सुरू. तिथे वयाची आणि वेळेची मर्यादा आपणच घालायची, थोडी रडारड सोसून.

दोन बाबतींत मी कोणाचंच ऐकणार नाही. एक, प्लॅस्टिकचे छर्रे उडवणारी बंदूक. डोळा जाऊ शकतो, मग ती कितीही स्वस्त असो. दुसरी, कार्बाइड गन. पाइपात कॅल्शियम कार्बाइड आणि पाणी घालतात, गॅस तयार होतो, ठिणगी दिली की बार. बार झाला नाही की मूल आत डोकावतं, आणि नेमका तेव्हाच तो होतो. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात शंभरावर लोकांचे डोळे यात जखमी झाले, त्यांत मुलंच जास्त. काहींची दृष्टी गेली. मुलं ती व्हिडिओ बघून घरीही बनवतात, म्हणून दिवाळीआधी गच्चीवर काय चाललंय याची चौकशी जरूर करा.

आणि काही मुलांचं वेड वय वाढलं तरी जात नाही. त्यांना खरंच नेम धरायचा असतो. अशांना स्वप्नील कुसळेबद्दल सांगा. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा हा मुलगा. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं. जवळपास नेमबाजीची रेंज असेल तर एकदा नेऊन दाखवा. तिथे आधी उभं कसं राहायचं, श्वास कसा सांभाळायचा, नळी कोणत्या दिशेला ठेवायची, हेच शिकवतात. उतावीळ मूल चार दिवसांत कंटाळून घरी येईल. नाही कंटाळलं, तर त्याला पुढचा महिनाभर जाऊ द्या.