संभाव्यतेच्या उदाहरणांतील न लिहिलेली अट

हल्लींच्या परीक्षांतून एका प्रकारचें उदाहरण वारंवार दिसतें. 'अ' व 'ब' अशा दोन राशि देतात आणि अ मोठी, ब मोठी, दोन्ही समान, किंवा दिलेल्या माहितीवरून ठरवितां येत नाहीं, ह्या चार उत्तरांपैकीं एक निवडावयास सांगतात. प्रश्न संभाव्यतेचा असला म्हणजे चौथ्या उत्तराकडे विद्यार्थ्यांची दृष्टि सहसा वळत नाहीं, असा आमचा अनुभव आहे.

उदाहरणार्थ, अ : सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील एक व्यक्ति निवडली असतां ती स्त्री असण्याची संभाव्यता, ब : १/२. पुष्कळ विद्यार्थी तत्काळ 'समान' म्हणतात. स्त्री व पुरुष हे दोनच प्रकार धरले म्हणून ते सारखेच संभवनीय, हें येथें न लिहितांच गृहीत धरलें जातें. थोरांचीही येथें फसगत झाली आहे. नाणें दोनदां फेकल्यास निदान एकदां छापा पडण्याची संभाव्यता २/३, असें फ्रेंच गणिती दालांबेर ह्यांनीं १७५४ सालीं मांडलें. पहिल्याच खेपेस छापा, काटा मग छापा, काटा मग काटा, असे तीन प्रकार त्यांनीं समान मानले. परंतु पहिल्याचा वांटा १/२ व उरलेल्यांचा प्रत्येकीं १/४. म्हणून खरें उत्तर ३/४.

आतां आपला जिल्हा पाहूं. २०११ च्या जनगणनेंत येथें ४,१७,३३२ पुरुष व ४,३२,३१९ स्त्रिया भरल्या. दर हजार पुरुषांमागें १०३६ स्त्रिया. त्याच वर्षीं सबंध महाराष्ट्रांत हें प्रमाण ९२९ होतें. आमचे चाकरमानी मुंबईंत मोजले जातात, हें त्याचें एक मोठें कारण होय. त्या आंकड्यांप्रमाणें अ ची किंमत सुमारें ०.५०९, म्हणजे अ मोठी. पण 'व्यक्ति' ऐवजीं 'नवजात मूल' हा शब्द घातला, तर उत्तर पालटतें; कारण निसर्गतः १०० मुलींमागें सुमारें १०५ मुलगे जन्मतात. चतुर्थीच्या दिवसांत, चाकरमानी परतलेले असतां, गांवांत निवड केली, तर काय होईल तें जनगणनेवरून सांगतां येत नाहीं.

निवडीची रीत हा तर त्याहून सूक्ष्म विषय आहे. समजा, वालावलच्या तळ्याकांठीं दोन घरें आहेत. एकांत आजीबाई एकट्या राहतात. दुसऱ्यांत तीन पुरुष व एक स्त्री. पांचही नांवांच्या चिठ्ठ्या एकत्र करून एक उचलली, तर स्त्रीचें नांव निघण्याची संभाव्यता २/५. पण आधीं घराची चिठ्ठी काढून मग त्या घरांतील एक माणूस निवडला, तर ती १/२ × १ + १/२ × १/४, म्हणजे ५/८. एक राशि निम्म्याहून लहान, दुसरी मोठी! माणसें तींच, घरें तींच. पहिल्या रीतीनें माणसें समान मानलीं, दुसरीनें घरें. एकट्या आजीबाईंचें वजन दुसऱ्या रीतींत चौघांच्या बरोबरीचें झालें. परीक्षकानें नुसतें 'एक व्यक्ति निवडली' इतकेंच लिहिलें असेल, तर येथें चौथें उत्तरच योग्य.

विद्यार्थ्यांनीं आपल्या वाडींतील पांच घरें घेऊन दोन्ही रीतींनीं हें गणित करावें. कोणत्या घरीं किती माणसें आहेत, हें पालकांस विचारावें. मुंबईस असलेल्यांस धरावें कीं नाहीं, हें मात्र आरंभींच कागदावर लिहून ठेवावें.