काम सुटले तर

कारखान्याच्या फाटकाशी एक फळा असतो. येता-जाता आपण त्याच्याकडे बघतही नाही. पण एखाद्या सकाळी त्या फळ्याभोवती माणसांची दाटी दिसते. कोणीतरी मोठ्याने वाचत असतो. 'मालाची मागणी कमी झाल्यामुळे खालील कामगारांना...' एवढे कानावर पडते आणि पायांतले बळ जाते. पुढे काय वाचले ते ऐकूच येत नाही.

अशी सकाळ पुष्कळांनी पाहिली आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांत संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. कोकणातले होते, साताऱ्या-सांगलीकडचे होते. तो संप रीतसर मिटलाच नाही. हजारो माणसे पुन्हा गिरणीत गेली नाहीत. वळकटी घेऊन गावी परतली. अलीकडचे सांगायचे तर २०१९ साली मोटारींचा खप घसरला. कोल्हापूरजवळ शिरोलीला आणि गोकुळ शिरगावला ओतकामाचे कारखाने आहेत. मोटारींचे लोखंडी भाग तिथे ओततात. मोटार दूर कुठल्या शहरात खपेनाशी झाली आणि इथल्या खेड्यातली चूल मंदावली.

यात कामगाराचा काय दोष? काहीही नाही. तरी पुष्कळ गडी घरी सांगत नाहीत. रोजच्या वेळी डबा घेऊन निघतात आणि दिवसभर एस. टी. स्टँडवर बसून राहतात. आम्ही असे गडी पाहिले आहेत. लाज कसली ती? घरधनिणीला त्याच संध्याकाळी सांगावे. उधारी कुठे थांबवायची, बचत गटाचा हप्ता कसा भरायचा, हे तिला जास्त कळते. हप्ता चुकल्यावर तोंड लपवण्यापेक्षा हप्त्याच्या आधीच गटात जाऊन सांगितलेले बरे. लोक समजून घेतात.

पण घरी जाण्याच्या आधी कचेरीत एक प्रसंग असतो. तो फार महत्त्वाचा.

समजा, आपल्याच गावचा एक गडी आहे. सहा वर्षे भट्टीवर राबला. आताच रात्रीच्या वर्गात लिहा-वाचायला शिकला. त्याला कचेरीत बोलावले. साहेबांनी एक छापील कागद पुढे सरकवला.

"इथं सही कर. हिशेब घे आणि जा."

"साहेब, वाचून बघतो."

"वाचायचं काय त्यात? सगळ्यांनी केली सही."

गडी वाचू लागला. बोट ठेवून, एकेक अक्षर लावत. 'मी घरगुती अडचणीमुळे स्वखुशीने राजीनामा देत आहे.' त्याने पुन्हा एकदा वाचले. मग कागद टेबलावर ठेवला.

"साहेब, माझ्या घरात काय अडचण न्हाई. अडचण तुमच्याकडं हाय."

आता तो शब्द आपणही वाचू या. स्व-खु-शी-ने. पहिलेच अक्षर जोडाक्षर आहे. स आणि व मिळून स्व. स्वखुशीने म्हणजे आपल्या मर्जीने. ज्याला काढले त्याची कसली आली मर्जी? पण खाली सही झाली की कागद खरा ठरतो. मालकाने काढले नाही, हाच सोडून गेला, असा त्याचा अर्थ होतो.

त्या एका सहीची किंमत किती, तेही मोजू या. गड्याचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिना १३,००० रुपये. नोकरी पुरती सहा वर्षे. मालकाने कामगार कमी केला तर एक महिन्याची नोटीस द्यावी लागते, नाहीतर एका महिन्याचा पगार. ते झाले १३,०००. शिवाय नोकरीच्या प्रत्येक पुऱ्या वर्षामागे १५ दिवसांचा पगार भरपाई म्हणून. अर्धा महिना धरला तर ६,५०० गुणिले ६, म्हणजे ३९,०००. दोन्ही मिळून ५२,००० रुपये. राजीनाम्यावर सही केली की यातला एक पैसाही मागता येत नाही.

ग्रॅच्युइटी वेगळी. पाच वर्षे नोकरी झाली असेल तर ती राजीनामा दिला तरी मिळते. तिचा हिशेब असा : महिन्याच्या पगाराला २६ ने भागायचे, १५ ने गुणायचे, मग वर्षांनी गुणायचे. १३,००० भागिले २६ म्हणजे ५००. पंधरा पट केले की ७,५००. सहा वर्षांचे ४५,०००. साहेब ही रक्कम दाखवतात आणि म्हणतात, "बघ, एवढे पैसे देतोय!" ते पैसे आपलेच असतात. वरचे बावन्न हजार कुठे गेले, ते विचारावे.

हा नियम नवा नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याखाली भरपाई मिळत असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. भरपाईचा हा नियम तिच्यातही आहे. मात्र नोकरी सलग एक वर्षाची हवी. वर्षात २४० दिवस काम भरले की वर्ष धरतात. ठरावीक मुदतीची नेमणूक असेल आणि ती मुदत संपली, तर ही भरपाई मिळत नाही. म्हणून नेमणुकीचा कागदही पहिल्याच दिवशी वाचावा. ठेकेदाराकडच्या माणसाने पगाराच्या पावत्या जपाव्यात. नाहीतर 'हा आमच्याकडे नव्हताच' म्हणायला ठेकेदार मोकळा.

साहेब म्हणाले, सही केल्याशिवाय पगार देणार नाही, तर? चिडू नये. हात उगारू नये. त्याने आपलीच बाजू पडते. 'उद्या सांगतो' म्हणावे. जमले तर मोबाइलवर कागदाचा फोटो काढावा. पगाराच्या पावतीवर सही करावी, पण तिच्याखाली आपल्या हाताने लिहावे : 'फक्त पगार मिळाला. राजीनामा दिलेला नाही.' तारीख घालावी. कमी केलेल्या माणसाचा राहिलेला पगार कामाच्या दोन दिवसांत द्यावा, असा कायदा आहे. मिळाला नाही तर जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार द्यावी. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. औद्योगिक कामगाराला तिथे फुकट वकील मिळू शकतो. कायदा आहे म्हणून पैसा आपोआप हातात पडतो, असे मात्र नाही. तक्रारी रेंगाळतात. पण कागद नसेल तर तक्रार उभीच राहत नाही.

आणखी एक शब्द फळ्यावर दिसतो. तो म्हणजे 'ले-ऑफ'. याचा अर्थ काढून टाकले असा नव्हे. काही दिवस काम नाही, नोकरी कायम आहे, असा आहे. पन्नास किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात वर्षभर नोकरी झालेल्या, हजेरीपटावरच्या माणसाला या दिवसांत मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या निम्मे पैसे मिळतात. बदली कामगाराला मिळत नाहीत. पण ठरलेल्या वेळी रोज फाटकावर हजेरी द्यावी लागते. 'काम नाही तर कशाला जा' म्हणून गडी घरी बसतो आणि पैसे बुडतात.

भविष्यनिर्वाह निधीचा पैसा सगळाच काढण्याची घाई करू नये. नव्या ठिकाणी तोच खाते क्रमांक चालतो. दहा वर्षे नोकरी भरली तर म्हातारपणी पेन्शन मिळते. मधेच पेन्शनचा पैसा काढून घेतला की आधीची वर्षे मोजत नाहीत.

आता नव्या कामाचे. चार दिवस मन लागत नाही, ते साहजिक आहे. पाचव्या दिवशी उठावे. निघताना कारखान्यातून अनुभवाचा दाखला मागून घ्यावा. आपला पत्ता आणि फोन नंबर तिथे लिहून द्यावा. पुन्हा भरती निघाली तर कमी केलेल्या माणसांना आधी विचारावे, असे कायदा सांगतो.

बरोबरच्या जुन्या गड्यांना विचारावे. काम कुठे निघाले, हे जाहिरातीपेक्षा त्यांना आधी कळते. सकाळी फाटक उघडण्याच्या वेळी स्वतः जावे. आणि 'कसलंही काम द्या, करीन' असे म्हणू नये. आम्हाला हे बोलणे मुळीच पसंत नाही. त्यातून माणूस गरजू आहे एवढेच कळते. त्याला काय येते ते कळत नाही. 'साचे भरतो, भट्टी सांभाळतो, सहा वर्षे केलंय' म्हणावे. जिल्ह्याच्या रोजगार मार्गदर्शन केंद्रात नाव नोंदवावे. नोकरी लावतो म्हणून कोणी आधी पैसे मागितले, तर एक रुपयाही देऊ नये. पुष्कळांचा ग्रॅच्युइटीचा पैसा असाच गेला आहे.

तोवर हात रिकामा ठेवू नये. हंगामात गुऱ्हाळावर माणूस लागतो, ऊसतोडीला लागतो. रोजगार हमीचे काम हवे असेल तर ग्रामपंचायतीत लेखी मागणी द्यावी. सरपंचाच्या कानावर घातले, एवढ्याने भागत नाही. मागणीची पोच घ्यावी. पंधरा दिवसांत काम मिळाले नाही तर बेकारभत्ता मागता येतो, पण ते पंधरा दिवस त्या पोचेवरच्या तारखेपासून मोजतात.

खाली कामाचा एक अर्ज दिला आहे. तो वहीत उतरवून काढा. कंसाच्या जागी आपली माहिती भरा.

मा. व्यवस्थापक साहेब यांस,
विषय : कामासाठी अर्ज
महोदय,
मी (नाव), राहणार (गाव). मी ओतकामाच्या कारखान्यात (किती) वर्षे काम केले आहे. मला साचे भरणे व भट्टीचे काम येते. मागणी कमी झाल्याने मला तेथून कमी केले आहे. अनुभवाचा दाखला सोबत जोडला आहे. आपल्याकडे असे काम असल्यास मला बोलवावे, ही विनंती.
आपला विश्वासू,
(सही, तारीख, फोन नंबर)

अर्ज दोन प्रतींत लिहावा. एक कचेरीत द्यावा. दुसऱ्यावर शिक्का आणि तारीख मारून घ्यावी व तो घरी ठेवावा. दाखल्याची फक्त नक्कल जोडावी. मूळ दाखला कोणालाही देऊ नये.