दोन सायलेन्सर आणि एक सॅडलबॅग

मोटरसायकलवर सामानाला जागा चारच: टाकीवर, सीटच्या दोन्ही बाजूंना, सीटच्या मागल्या अर्ध्यावर आणि त्याही मागे कॅरियरवर. पाचवी जागा म्हणजे चालवणाऱ्याची पाठ. तंबू घेऊन निघालेल्याने ती मोकळी ठेवावी. दहा किलोची सॅक पाठीवर टाकून म्हैसूरहून हुणसूर गाठेपर्यंत काही वाटत नाही. पेरियापट्टणला खांदे बोलू लागतात आणि कुशालनगरच्या पुढच्या वळणांवर मान.

बॅगेची निवड गाडीच्या मागल्या अंगापासून सुरू होते. सायलेन्सर कोणत्या बाजूने जातो, इंडिकेटर कुठे आहेत, डाव्या बाजूचा साडीगार्ड शाबूत आहे की आधीच्या मालकाने हौसेने काढून टाकला आहे, एवढे पाहिल्याशिवाय कापड, शिवण आणि लिटर यांची चर्चा व्यर्थ. भारतातल्या बहुतेक गाड्यांचा सायलेन्सर उजवीकडे असतो. बुलेटचा आणि क्लासिकचाही. त्यामुळे सॅडलबॅगा शिवणाऱ्यांपैकी काही जण उष्णता सोसणारे अस्तर फक्त उजव्या बॅगेच्या तळाला लावतात आणि डावीला साध्या कापडावर भागवतात. हे बॅगेच्या चिठ्ठीवर छापलेले नसते. विकणाऱ्यांना, निदान म्हैसूरमधल्या एका विकणाऱ्याला, ते माहीतही नसते.

येझ्दी रोडकिंग या हिशेबात बसत नाही. म्हैसूरच्या यादवगिरीतल्या आयडियल जावाच्या कारखान्यातून 1961 पासून गाड्या बाहेर पडू लागल्या, रोडकिंग 1978 मध्ये आली, 1996 मध्ये कारखाना बंद पडला. शहराच्या रस्त्यांवर या गाड्या अजून धावतात आणि त्या दुरुस्त करणारे हातही शहरात आहेत. या 250 सीसी टू-स्ट्रोक इंजिनाला सिलिंडर एक, पण धूर सोडणारी तोंडे दोन. म्हणून दोन्ही अंगांना एकेक लांबलचक सायलेन्सर. नव्या जावा फोर्टी टूलाही दोन आहेत, तेव्हा ही अडचण केवळ जुन्या गाड्यांच्या वेड्यांची नाही.

प्रस्तुत लेखकाची गाडी रोडकिंग. सप्टेंबरात कोडगूतल्या एका कॉफीच्या मळ्यात, मालकाच्या परवानगीने, दोन रात्री तंबूत काढायच्या ठरल्या. सॅडलबॅगा घेताना दुकानात ‘डबल सायलेन्सरला चालेल ना?’ हा प्रश्न तीनदा विचारला गेला. आकडा मुद्दाम नोंदवायचा, कारण नंतर दुकानाच्या मते तो एकदाही विचारला गेला नव्हता. एका स्नेह्याच्या क्लासिकवर त्याच जातीच्या बॅगा तीन पावसाळे टिकल्या होत्या, त्याचाही भरवसा होता. दुकानदाराने बाहेर उभ्या गाडीवर बॅगा टाकल्या, बॅग आणि सायलेन्सर यांच्यामध्ये चार बोटे घालून दाखवली आणि म्हणाला, ‘युनिव्हर्सल आहे सर, सगळ्या गाड्यांना बसते.’ चाचणी खोटी नव्हती. बॅग रिकामी होती आणि गाडी उभी होती, एवढेच.

भरलेल्या बॅगेचे पोट सुटते. पट्टे ताणले जाऊन ती दोन-तीन बोटे खाली उतरते, आणि प्रत्येक खड्ड्यात उडून पुन्हा खाली आदळते. दुकानातली चार बोटे हुणसूर येईपर्यंत संपलेली असतात.

हुणसूर ते पेरियापट्टण हा तंबाखूचा पट्टा. त्या दिवसांत शेताशेतांतल्या भट्ट्यांत पाने वाळत असतात आणि रस्त्यावर एक कडवट, भाजका वास दरवळत राहतो. त्यात दुसरा वास मिसळला तेव्हा तोही भट्टीचाच वाटला, आणि गाडी तशीच पुढे गेली. पेरियापट्टणला चहासाठी उभे राहिल्यावर टपरीवरच्या एका म्हाताऱ्याने काही न बोलता गाडीच्या डाव्या अंगाकडे बोट केले. बॅगेच्या तळाला मुठीएवढे भोक. कडा वितळून काळ्या मण्यांसारख्या गोळा झालेल्या. भोकातून स्लीपिंग बॅगचा कृत्रिम कापूस लोंबत होता, टोकाला तपकिरी आणि नखाने वाजवावा इतका कडक. सायलेन्सरच्या क्रोमवर काळी साय चिकटली होती, ती आजही पुरती निघालेली नाही. अस्तर लावलेली उजवी बॅग अगदी जशीच्या तशी होती. दोन्ही बॅगांचे तळ शेजारी शेजारी धरल्यावर सगळा उलगडा तिथेच, टपरीच्या बाकावर झाला. ती रात्र अर्ध्या स्लीपिंग बॅगेत आणि पूर्ण रेनकोटात गेली.

परत आल्यावर दुकानदाराने बॅग उलटसुलट केली, भोकात बोट घातले आणि निकाल दिला, ‘वॉरंटी शिवणीला आहे सर. शिवण एकदम ओके आहे.’ शिवण खरोखरच ओके होती. मग बाहेर गाडीकडे नजर टाकून तो म्हणाला, ‘हिला दोन सायलेन्सर आहेत, हे आधी सांगायला पाहिजे होते.’ गाडी तीच होती आणि जागाही तीच, जिथे त्याने स्वतःची चार बोटे घातली होती.

कापडांचे गणित साधे आहे. नायलॉनचे प्रकार 220 ते 260 अंश सेल्सियसच्या दरम्यान वितळतात, पॉलिएस्टर 250 ते 260 च्या आसपास, आणि स्वस्त बॅगांचे पट्टे ज्या पॉलिप्रॉपिलीनचे असतात ते 160 च्या सुमारासच. पीव्हीसीचे ताडपत्रीसारखे कापड तर वितळण्याच्या कितीतरी आधी लुळे पडते. सायलेन्सर इंजिनाकडे जास्त तापतो, शेपटाकडे कमी. इथे पेच पडतो: उष्णतेच्या दृष्टीने बॅग मागे हवी, वजनाच्या दृष्टीने पुढे. तोडगा म्हणजे सॅडल स्टे, बॅगेला बाहेर आणि वर उचलून धरणारी लोखंडी चौकट. ती वेल्डरकडून करून घेता येते, मात्र भरलेली बॅग सोबत नेऊन. मोकळ्या गाडीवर माप घेतले की पुन्हा तीच चार बोटे. चौकटीमुळे बॅग चाकातही जात नाही. डावीकडे साडीगार्ड असेल तर तेवढ्या बाजूचे अर्धे काम झालेले असते. टू-स्ट्रोकच्या सायलेन्सरच्या तोंडातून काळे तेल उडते, म्हणून बॅगेचे मागचे टोक त्या तोंडाच्या वरच असावे.

पाण्याबाबत दुकानातली भाषा सैल असते. म्हैसूरचा वर्षाचा पाऊस 800 मिलिमीटरच्या घरातला, मडिकेरीचा 3000 च्या पुढचा. म्हैसूरच्या पावसात सिद्ध झालेली बॅग मडिकेरीत सिद्ध होतेच असे नाही. कापडाला आतून थर दिलेला असला तरी पाणी सुईच्या भोकांतून आणि चेनमधून शिरते. सोबत मिळणारे रेन कव्हर ताशी सत्तरच्या वेगाला फुग्यासारखे भरते, आणि उडून गेले नाही तर तळाशी पाणी साठवून ठेवते. शिवणीऐवजी उष्णतेने जोडलेली आणि तोंड गुंडाळून बंद होणारी ड्राय बॅग घ्यावी. तोंडाला निदान तीन वेढे द्यावेत. बंगळूरच्या व्हायाटेरा किंवा मुंबईच्या रायनॉक्ससारख्या देशी कंपन्या मोटरसायकलसाठीच बॅगा करतात, परदेशी मालाच्या मागे लागण्याची गरज उरलेली नाही. बॅग कोणतीही असो, स्लीपिंग बॅग आणि कोरडे कपडे आत पुन्हा जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधावेत.

पत्र्याचे पॅनिअर दणकट आणि कुलूपबंद असतात, जड आणि रुंदही. सोळा अश्वशक्तीच्या गाडीला ते शोभेचे ओझे. मागे बसवायच्या खोक्याबाबत 2020 पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत मापे आहेत: लांबी 550, रुंदी 510, उंची 500 मिलिमीटर, खोके मागच्या माणसाच्या जागेवर असेल तर मागे माणूस बसवता येत नाही. नंबर प्लेट आणि मागचा दिवा झाकला जाऊ नये, हे सांगावे लागते याचेच नवल.

एका माणसाला दोन रात्रींसाठी 50 ते 60 लिटर पुरतात. जड वस्तू, म्हणजे हत्यारे, शेगडी आणि पाणी, खाली आणि पुढे. दोन्ही बाजूंच्या वजनात किलोभराहून जास्त फरक नसावा. हुकाचा ताणकाटा त्यासाठी पुरतो. तंबू सीटवर आडवा. दांड्या घडी करूनही 45 ते 50 सेंटिमीटर भरतात, तेव्हा टेल बॅग घेताना दुकानात तंबूच घेऊन जावे. कॅरियरवर फक्त मॅटसारखे हलके. मागच्या आसाच्या पलीकडे वजन गेले की पुढचे चाक हलके होते आणि हँडल डुलू लागते. टायरमधली हवा आणि शॉकअपचा ताण पुस्तिकेप्रमाणे वाढवावा. हुकाच्या रबरी दोऱ्या टाळाव्यात. सुटलेला हुक डोळ्यावर येतो. बकलचे पट्टे उत्तम, पण त्यांची लोंबती टोके बांधून टाकावीत, नाहीतर चाक ती ओढून घेते.

गुंडलुपेटवरून उटीला किंवा वायनाडला जाणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. बंदीपूरच्या जंगलातले रस्ते 2009 पासून रात्री 9 ते सकाळी 6 वाहतुकीला बंद असतात आणि दिवसाही मध्ये थांबायला मनाई आहे. रेनकोट, पाणी, कागदपत्रे हे सगळे टाकीवरच्या बॅगेत हवे, आणि आभाळ भरलेले असेल तर रेनकोट नाक्याआधीच अंगावर. टँक बॅग चुंबकाची घेतली तर टाकी लोखंडी आहे ना, हे पाहावे.

खरेदीचे पक्के बिल घ्यावे आणि त्यावर गाडीचे मॉडेल लिहून घ्यावे. ‘अमुक गाडीसाठी’ हे शब्द लिहायला दुकानदार कां-कू करू लागला तर उत्तर तिथेच मिळते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार राहत्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या मालाला शुल्क नाही. प्रस्तुत लेखकाकडे होती ती पाठकोऱ्या कागदाची चिठ्ठी. तिच्यावर ‘बॅग 1 सेट’ एवढेच शब्द आणि पुढे एक आकडा.

निघण्याच्या आदल्या दिवशी सगळे सामान लादून चामुंडी टेकडीवर जाऊन यावे. चढ पुरेसा आहे, शहर जवळ आहे आणि पट्टे किती ताणले जातात ते तेवढ्यात कळते. वर पोचल्यावर देवळाकडे वळण्याआधी दोन्ही बॅगांच्या तळाला हात लावावा, डावीच्याही. कोमट लागला तर चालेल. हात ठेववत नसेल तर ती बॅग त्या गाडीची नव्हे.