सारखं करायचं की समान?

अगं, तू भाषांतराची कामं घ्यायला लागलीस याचा मला फार आनंद आहे, म्हणूनच एक गोष्ट मोकळेपणाने सांगते. दोन गोष्टींतला फरक घालवायचा म्हटलं की तू सरसकट 'समान करणे' लिहून मोकळी होतेस. तसं करू नकोस गं. आधी बघ, सारखं काय करायचंय.

पदर, चादर, केस, फराळाचे वाटे हे सगळं आपण 'सारखं' करतो. पदर कोणी समान करत नाही. पण 'सारखं' हा शब्द जागेवरच ठेव. 'ती वाटे सारखे करते' हे ठीक. 'ती सारखी वाटे करते' म्हटलंस की बाई दिवसभर तेच करत बसते! शेत सपाट करतात, सरकारी कागदावर त्याचं सपाटीकरण होतं. उसने पैसे फेडले की हिशेब चुकता होतो. खेळाच्या बातमीत मात्र नीट बघ: शेवटच्या मिनिटाला गोल करून संघ बरोबरी साधतो, आणि एखादा खेळाडू कुणाच्या विक्रमाशी बरोबरी करतो.

'समान करणे' शोभतं ते गणितात. 1/2 आणि 1/3 यांची बेरीज करताना आपण छेद समान करतो, म्हणजे 3/6 आणि 2/6. रूप बदललं, किंमत तीच. 'समीकरण'ही याच कुळातलं, आणि किती जुनं! भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातल्या 'बीजगणित' ग्रंथात 'एकवर्णसमीकरण' असं प्रकरणच आहे.

सगळ्यात जास्त जपायचं ते कायद्याच्या मजकुरात. 'समान मानणे' वेगळं, 'समान करणे' वेगळं. मुलगा-मुलगी आम्हाला समान, असं घरोघरी म्हणतात. हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीतला मुलीचा हक्क मात्र कायद्यालाच समान करावा लागला: महाराष्ट्रात 1994 साली, तोही त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींपुरता, आणि केंद्राच्या कायद्याने 9 सप्टेंबर 2005 पासून. तिथे तू 'समान मानला' लिहिलंस, तर ते कुणाचं तरी चांगलं मत वाटेल. वाचणारी बहीण भावाकडे आपला वाटा मागताना कचरेल. 'समान केला' असं लिहिलंस, तर तिला कळेल की हे झालेलं आहे, कुणाच्या मानण्या न मानण्यावर अडलेलं नाही.

म्हणून कायद्याचं काम देण्याआधी त्यातली क्रियापदं तेवढी पुन्हा एकदा वाच. अडलीस तर रात्री कितीही वाजता मला फोन कर.