कूटचलनांची नावे: लेखन आणि वचन

काय करावे

- पहिल्या उल्लेखात 'कूटचलन' लिहा. अनेकवचन 'कूटचलने', पुढे 'कूटचलनांचा', 'कूटचलनांत'.
- बिटकॉइन म्हणजे जाळे की नाणे, हे शब्दांनीच सांगा. देवनागरीत मोठे-लहान अक्षर नाही. 'बिटकॉइनचे जाळे २००९मध्ये सुरू झाले', पण 'त्यांनी अर्धे बिटकॉइन विकले'.
- रोमन लिपी वापरावीच लागली, तर जाळ्याच्या नावाचे पहिले अक्षर मोठे आणि नाण्याच्या नावाचे लहान ठेवा.
- बिटकॉइन नपुंसकलिंगी चालवा आणि वचन क्रियापदातून दाखवा: 'एक बिटकॉइन विकले', 'दोन बिटकॉइन विकली'.
- टोकनलाही तोच नियम लावा: 'एक टोकन मिळाले', 'शंभर टोकन मिळाली'.
- इथेरियम हे जाळ्याचे आणि इथर हे चलनाचे नाव, हा भेद पाळा.
- बिटकॉइनच्या बारीक रकमा सातोशीत द्या. १ बिटकॉइन म्हणजे १० कोटी सातोशी.
- बिटकॉइनच्या निर्मात्याचे नाव पूर्ण आणि आदरार्थी लिहा: 'सातोशी नाकामोतो यांनी'. नुसते 'सातोशी' एककासाठी राखून ठेवा.
- मोठ्या संख्या लाख-कोटींत लिहा. बिटकॉइनची कमाल संख्या २ कोटी १० लाख.
- भारतातील कराविषयी लिहिताना 'आभासी डिजिटल मालमत्ता' ही कायद्यातील संज्ञा वापरा.

काय टाळावे

- 'बिटकॉइन्स', 'टोकन्स', 'वॉलेट्स' लिहू नका. इंग्रजी अनेकवचनाचा 'स' मराठीला नको.
- 'पाच बिटकॉइनांची किंमत' लिहू नका; 'पाच किलोची पिशवी' तशी 'पाच बिटकॉइनची किंमत'.
- 'बिट कॉइन' असे तोडू नका, 'बिट-कॉइन' असे जोडू नका. शब्द एकच आहे.
- 'कॉइन' आणि 'कॉईन' एकाच मजकुरात मिसळू नका.
- 'इथेरियम विकत घेतले' लिहू नका. विकत घेतात ते इथर.
- इथर आणि टेदर यांची गल्लत करू नका. टेदर हे डॉलरच्या मूल्याशी बांधलेले वेगळे नाणे आहे.
- 'बिटकॉइन कॅश'मधला 'कॅश' गाळू नका. ते २०१७मध्ये वेगळे झालेले चलन आहे.
- प्रत्येक कूटचलनाला बिटकॉइन म्हणू नका. लाइटकॉइन, डोजकॉइन स्वतंत्र आहेत.
- 'बीटीसी' (बिटकॉइन), 'ईटीएच' (इथर) या संक्षेपांना अनेकवचनी प्रत्यय किंवा टिंबे लावू नका. ही रूपे तक्त्यापुरतीच ठेवा.
- ई-रुपयाला कूटचलन म्हणू नका. ते रिझर्व्ह बँकेचे चलन आहे, आणि त्याचे अनेकवचन सरळ 'ई-रुपये'.

छापण्यापूर्वी नाव, एकक आणि क्रियापद पुन्हा एकदा ताडून पाहा. नाव चुकले, तर वाचकाचे पैसे भलत्याच नाण्यात जाऊ शकतात.