रस्त्याची निगा व संगणक

श्रीनगरहून कन्याकुमारीस जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ पांढरकवड्यावरून जातो, आणि तुळजापुराहून निघालेला क्रमांक ३६१ उमरखेड, आर्णी, यवतमाळ, कळंब असा आपल्या जिल्ह्यांतून पुढें बुटीबोरीस पोहोंचतो. असे मार्ग बांधले जात असतां आपण कौतुकानें पाहत राहतों. परंतु बांधल्यावर ते टिकवावे कसे, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. आज तोच करूं.

रस्ता मोडण्याचीं मुख्य कारणें दोन: पाणी व भार. आपली काळी जमीन पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत आकसून भेगाळते. तिच्या या हालचालीनें वरच्या डांबरास केसाएवढी चीर पडते; तींतून पाणी आंत शिरतें, खडीचा थर सैल होतो, आणि मग खड्डा दिसूं लागतो. भाराचें गणित याहून विलक्षण आहे. अमेरिकेंतील इलिनॉय राज्यांत १९५८ ते १९६० या काळांत मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर भरलेले ट्रक फिरविण्यांत आले. चाकांच्या आंसावरील भार दुप्पट झाला तर रस्त्याची हानि दुप्पट न होतां सुमारें १६ पट होते, असें त्यांतून आढळलें. वणीकडील कोळशाच्या गाड्या पाहतांना हें ध्यानांत ठेवावें.

पूर्वीं रस्त्याची निगा मैलकुलीच्या डोळ्यांवर व रोड कारकुनाच्या वहीवर चाले. १९२७ सालीं बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालीं रस्तेसुधारणेसाठीं समिति नेमली गेली. १९४३ सालीं मुख्य अभियंत्यांनीं नागपुरास जमून देशांतील रस्त्यांची वीस वर्षांची योजना आंखली. पुढें रस्त्यांचें जाळें एवढें वाढलें कीं, तें वहींत मावेनासें झालें. तेथें संगणक उपयोगी पडला.

आतां लेसर किरणांचीं उपकरणें लावलेली मोटार महामार्गावरून जाते आणि पृष्ठभागाचा खडबडीतपणा, चिरा व चाकोऱ्या मोजून प्रत्येक मापाचें ठिकाण नोंदविते. रस्त्याचें वय, थरांची जाडी व रहदारी यांची माहिती संगणकांत असतेच. एचडीएम-४ सारखी प्रणाली यावरून कोणता तुकडा केव्हां खालावेल व दुरुस्तीस किती खर्च येईल, याचा अंदाज बांधते. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणानेंही २०२० सालीं आपल्या प्रकल्पांची नोंद ‘डेटा लेक’ नांवाच्या संगणकीय व्यवस्थेंत आणली.

आतां एक प्रश्न. एक रस्ता पार उखडला आहे. दुसऱ्यास नुकत्याच चिरा पडल्या आहेत. पैसा मात्र एकास पुरेल एवढाच. प्रथम कोणता घ्यावा? आपण म्हणूं, पहिला. संगणक पुष्कळदां सांगतो, दुसरा! यांत नवल नाहीं. मृगापूर्वीं घर शाकारलें तर चार कौलांवर भागतें; आळस केला तर वासे कुजतात व छप्परच बदलावें लागतें. तथापि पहिल्या रस्त्यावरून एखादी प्रसूतीची बाई दवाखान्यांत जात असेल, तर केवळ खर्चाचा हिशेब पुरा पडणार नाहीं. तेथील खड्डे तूर्त तरी बुजविलेच पाहिजेत. हा विवेक यंत्राचा नव्हे, माणसाचा.

ही व्यवस्था सुधारावयाची कशी? प्रथम, नोंद खरी हवी. खड्डा कागदावर भरला व रस्त्यावर तसाच राहिला, तर संगणक त्या खोट्यावरच पुढील सारें गणित मांडील. दुसरें, डांबराबरोबर कडेच्या नाल्या व मोऱ्यांचीही नोंद व्हावी. कारण रस्त्याचा खरा शत्रु तुंबलेलें पाणी आहे. तिसरें, दर पावसाळ्यानंतर अंदाज व प्रत्यक्ष स्थिति ताडून अंदाजाची रीत सुधारावी.

पालकांसही एक विनंती आहे. राष्ट्रीय महामार्गावर धोका दिसल्यास १०३३ या क्रमांकावर कळवावें, व जवळच्या दगडावरील किलोमीटरचा आंकडा अवश्य सांगावा. ‘रस्ता वाईट आहे’ एवढ्यानें कोणासच ठिकाण सांपडत नाहीं.

मुलांनो, तुमच्यापैकीं कोणी उद्यां अभियंता होईल, कोणी कारकून, कोणी मुकादम. वहींत लिहा किंवा संगणकांत, जें डोळ्यांनीं पाहिलें तेंच लिहा. त्या एका आंकड्यावर विसंबून रात्रीं कोणी तरी त्या वाटेनें घरीं येत असतो.